बद्द वाजणारी पायरी

गेल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता, पनवेलला आमच्या तळ्यावर, ठेकेदाराने म्हाताऱ्या पाथरवटाला नव्या घाटाच्या कामावरून हाकललं. गुन्हा काय? छिन्नी लावण्याआधी प्रत्येक दगड हातोडीने वाजवून ऐकायची त्यांची सवय. घाटाची तिसरी पायरी खणखणीत नाही, बद्द वाजली.

"आत चीर हाय. ही बसवायची नाय."

ठेकेदार हसला. "बाबा, दगडाशी गप्पा घरी मारा."

पायरी बसवलीच. तेव्हापासून बाबा रोज तिच्यावरच ठाण मांडून बसतात. धुणं घेऊन कुणी आली की म्हणतात, "कडेनं उतर गो बाय." त्या पायरीबद्दल मी वाटलेलं पत्रक वाचून कुणी थांबलं नाही, पण त्यांच्या बसण्याने सगळ्याजणी कडेने उतरतात.

उद्या तळ्यावर या. ती पायरी स्वतः वाजवून ऐका, आणि बदलेपर्यंत त्यांच्या शेजारी बसा.