शैलाची उपळसरी

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी कराडला, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, तिच्याच नमुन्यासाठी जागा रिकामी करत होते. हृदयविकाराचा झटका... चहा पिता पिता. विश्रामबागेतल्या तिच्या कॉलेजात शोकसभा झाली. "मॅडमचं संशोधन आम्ही पुढं नेऊ," असं तिचे विभागप्रमुख म्हणाले आणि मी त्यांना हात जोडले. मूर्खच मी!

शैला आणि मी एम.एस्सी.पासूनच्या मैत्रिणी. कवठे महांकाळच्या माळावर मेंढपाळ मेंढरांच्या जखमा उपळसरी या वेलाच्या मुळीच्या काढ्यानं धुतात, हे तिनं पाहिलं आणि त्या मुळीचा पिच्छाच धरला. मुळ्या सावलीत वाळवायच्या, कुटायच्या, अर्क काढायचा, त्यातला एकेक घटक वेगळा करायचा. "ओव्हनमध्ये वाळव की गं," मी म्हणायचे. "तुझी घाई तुझ्यापाशी ठेव!" ती फटकारायची. वर्षानुवर्षं खपून नखभर पांढरे स्फटिक हाती आले. त्यांच्याभोवती जखमेतले जंतू वाढेनात. पण दुसऱ्या प्रयोगशाळेतही तेच दिसल्याशिवाय कोण मानणार? म्हणून तो नमुना माझ्याकडं यायचा होता.

दिवसकार्य उरकल्यावर मी तो आणायला गेले. फ्रीज लख्ख. तिच्या कुप्या घासून पालथ्या घातलेल्या.

"तपासणीची समिती येणार होती," विभागप्रमुख म्हणाले. "आणि मॅडम तर गेल्या... आता कोण वापरणार होतं ते?"

अहो, माणूस गेलं म्हणून त्याचं काम मोरीत ओतायचं? प्रत्येक कुपीवर लेबल होतं! ते वाचायला कुणी वाकलं नाही, भिंतीवरच्या फोटोला हार मात्र ताजा. समितीनं म्हणे स्वच्छतेचं कौतुक केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नाही नाही ते बोलले आणि त्याचा मला जराही पस्तावा नाही.

गेल्या रविवारी नव्यानं मुळ्या आणायला कवठे महांकाळचा तो माळ गाठला. शैलाला मुळ्या दाखवणारे बिरूमामा तिथंच मेंढरं चारत होते. "आवं, बाई न्हाई आल्या?" त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. सांगितलं तसं त्यांनी डोक्यावरचं मुंडासं उतरवलं.

मला तर राग आवरेना. दिसेल तो वेल मुळासकट उपसायला लागले, तशी मामांनी काठी आडवी घातली.

"पुरी नगा काढू. बाई लय वरडायच्या. अर्धी न्यायची, अर्धी मातीत ऱ्हाऊ द्यायची... म्हंजी पुढच्या खेपंला हाय."

मी अर्धीच मुळी कापली. उरलेल्या मुळीवर माती ओढून हातानं दाबली. "पुढच्या खेपेला मी येते, मामा," एवढंच कसंबसं म्हणाले आणि तिथंच मातीत बसून ढसाढसा रडले.