उंब्रजला आमची शाखा नाही

बाळांनो, हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भराभर वाचलं असतं. मलाही ते जड नव्हतं; सांगलीला कॉलेजात मी इंग्रजीच घेतलं होतं. पण ज्या शब्दावरून हा प्रकार झाला तो शब्दच इंग्रजी आहे, आणि इंग्रजीत लिहिलं तर त्यात चुकलं काय हे तुम्हाला दिसणार नाही. म्हणून मराठीत. अडलं तर आईला विचारा.

आत्ताच लिहायचं कारण असं. गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मामाला विचारलंत, "ती पेढा खाणारी काकू अजून कामाला येते का?" तिच्या व्हिडिओखाली तुम्ही लाल बदाम टाकले होते. मामा म्हणाला, "ती आता आपली उंब्रजची शाखा बघते." मी शेजारीच बसले होते. उंब्रजला आपली शाखा नाही. कधीच नव्हती. तुमचा मामा खोटं बोलला आणि मी त्याला तिथल्या तिथे टोकलं नाही, कारण मुलांच्या फोनवर भांडण नको असं मला वाटलं. पत्रात ती अडचण नाही.

साताऱ्यातलं आपलं गणवेशाचं काम मी सुरू केलं आणि पुढे माझ्या मुलानं, तुमच्या मामानं, हातात घेतलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती बाई आमच्याकडे कटिंग करायची. उंब्रजहून रोज एसटीनं यायची. अकरा वर्षं आली. कोणत्या शाळेच्या पाचवीतल्या मुली दिवाळीपर्यंत किती वाढतात हे तिला तोंडपाठ होतं, आणि त्या हिशेबानं ती फ्रॉकच्या खाली जास्तीची दुमड ठेवायची. मुख्याध्यापक मापांबद्दल मामाशी बोलत नसत, तिच्याशी बोलत. शिवणाऱ्या बायकांना काम वाटून देणं, चुकलेलं उसवायला लावणं, भांडणं मिटवणं, सगळं तीच करायची. हे काम सुपरवायझरचं. तसं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

मग मामा सांगलीला एका हॉटेलात दोन दिवसांच्या शिबिराला गेला. लहान उद्योजकांची उत्पादकता कशी वाढवावी, असा विषय होता. दुसऱ्या दिवशी तो मलाही घेऊन गेला. वातानुकूलित खोलीत गळाबंद कोट घातलेला एक माणूस दर दहा मिनिटांनी आम्हाला टाळ्या वाजवायला लावत होता. "मालकानं कात्रीला हात लावला की धंदा थांबला," असं त्याचं म्हणणं. तुमच्या मामानं जन्मात कात्रीला हात लावला नव्हता, तरी त्यानं ते वहीत लिहून घेतलं. नंतर सगळ्यांनी उभं राहून शेजाऱ्याला मिठी मारायची होती. माझे शेजारी तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी होते, माझ्याच वयाचे. आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि खाली बसलो.

परत आल्यावर मामानं भिंतीवर पांढरा फळा लावला. रोज नऊ वाजता सगळ्यांनी त्याच्यासमोर उभं राहायचं आणि आज आपण काय साध्य करणार ते सांगायचं. उंब्रजची एसटी सव्वानऊला येते, हे त्याला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. तिनं एक गाडी आधीची धरली. काम आणि आयुष्य यांचा समतोल राखायचा म्हणून मामा पाच वाजता बॅडमिंटन खेळायला जाऊ लागला. उरलेलं काम ती उरकायची आणि शेवटच्या गाडीनं जायची. तिच्या आयुष्याचा रकाना त्या फळ्यावर नव्हता.

जूनच्या तोंडावर, काम ऐन भरात असताना, एका सकाळी मामा फळ्यासमोर उभा राहिला आणि तिच्याकडे बोट करून म्हणाला, "या महिन्यात आपण यांचं प्रमोशन करणार आहोत. सगळ्यांनी टाळ्या."

त्याला म्हणायचं होतं की आपल्या जाहिरातीच्या व्हिडिओत तिचा चेहरा दाखवायचा. शिबिरात तो शब्द त्याच अर्थानं वापरत होते. पण ती बाई फौजेतल्या माणसाची बायको. तिचा नवरा नाईक म्हणून निवृत्त झाला. हवालदाराची फीत त्याला कधी मिळाली नाही. आपल्या भागात फौजी घरांत प्रमोशन म्हणजे एकच गोष्ट असते, आणि ती झाली की आळीभर पेढे जातात.

तिचं तोंड लाल झालं. मशीनवरची एक म्हणाली, "आता आमास्नी सॅलूट मारावा लागतोय का वो?"

"मार की," ती म्हणाली. "नुसती मशीन मारून हात आखडल्यात तुजं."

"आन् चुकलं तर?"

"तर पळत जायाचं पवईनाक्यापतूर आन् परत."

बायका हसल्या. मी ऐकलं. तिचा काय समज झाला आहे हे मला त्याच क्षणी कळलं. पण मामानं फळ्यावर productivity चुकीचं लिहिलं होतं आणि मी मार्कर घेऊन ते दुरुस्त करत होते. मनात म्हटलं, नंतर सांगू तिला. नंतर मी विसरले.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन आली. त्यानं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, हातात कंदी पेढ्यांचा मोठा पुडा. आळीत आदल्या संध्याकाळीच वाटून झाले होते. त्याच वेळी व्हिडिओ काढणारा माणूस कॅमेरा लावून उभा होता.

"साहेब, तोंड गोड करा," नवरा म्हणाला.

"अरे वा, काका. कशाबद्दल?"

"आवं, कशाबद्दल काय? हिच्या पर्मोशनबद्दल."

मामाला उलगडा झाला. मी त्याच्याकडे बघत होते म्हणून खात्रीनं सांगते, त्याला सगळं समजलं. मग तो कॅमेरावाल्याला म्हणाला, "हे घ्या, हे घ्या. काका, काकूंना भरवा की एक." त्या साध्या माणसानं बायकोला पेढा भरवला. तोच व्हिडिओ तुम्ही पाहिलात.

कॅमेरा बंद झाल्यावर मामा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, प्रमोशन म्हणजे जाहिरात हो. धंद्याची. चेहरा फक्त यांचा."

"म्हंजे पद न्हाई?"

"पद कसलं काका, सगळं आपलं घरचंच आहे."

मी मामाला इंग्रजीत म्हटलं, दे तिला ते पद, आत्ता, या दोघांसमोर. तोही इंग्रजीत म्हणाला की एकीला दिलं तर उद्या सगळ्या मागतील, शिबिरात तसं स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही दोघं तिच्यासमोर उभे राहून तिला न कळणाऱ्या भाषेत तिचा निकाल लावत होतो. ती खाली बघत होती. मामा ऐकेना म्हणून मी गप्प बसले. त्या कारखान्याची मालकी तेव्हाही निम्मी माझी होती. मी मराठीत बोलले असते तर त्याला माघार घेता आली नसती.

नवरा पुडा टेबलावर ठेवून गेला. तिनं त्या दिवसाचं सगळं कापड कापलं, गठ्ठे बांधले, त्यांवर मापं लिहिली आणि गेली. दुसऱ्या दिवशी खाडा. अकरा वर्षांत तिनं सासऱ्याच्या दहाव्याखेरीज खाडा केला नव्हता. तिसऱ्या दिवशीही आली नाही, तेव्हा मी उंब्रजला गेले. मामा म्हणाला, "येईल आपोआप. त्यांना जायला कुठं आहे?"

तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. नवरा मला बघून रानात निघून गेला.

"बाई, एक इचारू? तुमी इंग्रजी शिकलेल्या. तुमास्नी तवाच कळलं हुतं का न्हाई?"

"कळलं होतं."

"मग सांगायचं हुतं की. पेढं तरी वाचलं असतं."

मी म्हटलं की आता पद देते, माझ्या सहीनं देते. ती हसली नाही, रागावलीही नाही. "आता कशाला? आळीत पोरंसुदिक इचारत्यात, मावशे, कवापासनं सायब झालीस? तुमच्यात यिऊन म्या कुनाला काय सांगू?" मग म्हणाली, "च्या घ्या आन् मग जावा. तीनची गाडी हाय."

मी चहा घेतला. तीनची गाडी धरली.

दोन महिन्यांत तिनं घराच्या पुढच्या खोलीत कटिंगचं टेबल टाकलं. नवऱ्यानं स्वतः रंधा मारून केलं म्हणतात. आमच्या दोन बायका तिच्याकडे गेल्या. मामानं तिच्या जागी ज्याला आणलं त्याला माप घेता येत होतं, पण मुलं वाढतात हे त्याला माहीत नव्हतं. दिवाळीनंतर पालकांच्या तक्रारी आल्या. मुख्याध्यापकांनी चौकशी केली, ती कुठं असते ते विचारलं, आणि एकेक करून उंब्रजला गेले. पाटणची शाळा गेली, कराडच्या दोन्ही गेल्या. मामानं त्या कोटवाल्याला फोन केला. त्यानं पुढच्या शिबिराला नाव नोंदवायला सांगितलं, आणि मामानं नोंदवलं.

तिला जाऊन जेमतेम वर्ष झालं असेल. तिच्या कामाला तो आपली शाखा म्हणतो, तुमच्याशीही, बाजारातही. ती ऐकते आणि काही बोलत नाही, असं तिकडून येणारे सांगतात. मी मात्र बोलणार आहे, आणि हे पत्र त्याला दाखवूनच पोस्टात टाकणार आहे.

आपल्याकडे आता दोन शाळांचं काम आहे आणि चार मशिनं चालू आहेत.