शिंपीकाकांचा प्रश्न आणि चार टीकाग्रंथ

बायबलवरचे टीकाग्रंथ निवडावेत ते चर्चच्या पाळकसाहेबांनीच. दुकानदाराने सोनेरी अक्षरांचा कितीही जाडजूड ग्रंथ पुढे केला तरी हा माणूस भुलायचा नाही. प्रस्तावना नाही, लेखकाच्या पदव्या नाहीत. सरळ पवित्र शास्त्रातलं एखादं अडचणीचं वचन काढून त्यावर काय लिहिलंय ते बघायचं. लेखकाने बगल दिली असेल तर ग्रंथ परत फळीवर. असे पारखून घेतलेले दीडशे ग्रंथ घरात होते, आणि रविवारच्या उपदेशासाठी त्यातले निदान चार तरी उपसले जात. शहानिशा केल्याशिवाय शब्द तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा खाक्या. कोणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "बघून सांगतो." मंडळीतले लोक पाठीमागे त्यांना 'बघून-सांगतो साहेब' म्हणत. "घराला आग लागली तरी हे आधी संदर्भ काढतील," असं त्यांची बायको म्हणायची, आणि ती गमतीत म्हणायची नाही.

शिंपीकाकांनी तीस वर्षं साहेबांचे झगे शिवले होते. आता छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं होतं, शिवणयंत्रावर चादर पडली होती. साहेब भेटायला गेले. प्रार्थना झाली, चहा झाला. काकू कप घेऊन आत गेल्या तसा काकांनी साहेबांचा हात धरला.

"आमचा पहिला मुलगा तीन दिवसांचा होऊन गेला. बाप्तिस्मा राहिलाच, आणि त्याशिवाय स्वर्ग नाही म्हणतात. मी तर आता निघालोय. मला भेटेल का हो तो तिथं?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण सवय आडवी आली.

"बघून सांगतो, काका."

"बघा. घाई नाही," काका म्हणाले.

घाई नाही म्हणे! माणूस घटका मोजत होता, आणि हे घरी जाऊन दावीद राजाच्या मेलेल्या लेकराची गोष्ट उघडून बसले. 'मी त्याच्याकडे जाईन,' असं राजा त्यात म्हणतो. एक टीकाकार म्हणे, बापलेकांची भेट होणार असंच राजाला म्हणायचंय. दुसरा म्हणे, छे, तो नुसता मरणाबद्दल बोलतोय. तिसऱ्याने बाप्तिस्म्यावर बारा पानं लिहिली होती, त्यात तान्ह्या लेकरांचं नाव नाही. मग चौथा टपालाने मागवला. अकरा दिवस गेले.

"अहो, नुसतं जाऊन बसा तरी त्यांच्यापाशी," बायको म्हणाली.

"कुठल्या तोंडाने जाऊ? उत्तर नको का हातात?"

चौथा ग्रंथ आला. लेखक प्रामाणिक होता. शास्त्र याबद्दल थेट काही सांगत नाही, पण देवाच्या दयेवर भरवसा ठेवावा, एवढंच त्याने लिहिलं होतं. हे काय साहेबांना ठाऊक नव्हतं? दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले, चपला घालत होते, तेवढ्यात काकूंची शेजारीण दारात. काका पहाटेच गेले होते.

दफनविधीचा उपदेश फार चांगला झाला, असं सगळे म्हणाले. चुलीत घाला तो उपदेश! साहेबांना स्वतःचा एक शब्द ऐकवत नव्हता.

संध्याकाळी लोक पांगल्यावर काकू त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"साहेब, ते रोज विचारायचे, साहेब आले का म्हणून. परवा मला बघवेना. म्हटलं, तुमचा डोळा लागला होता तेव्हा येऊन गेले, भेटेल म्हणाले. तुमच्या नावावर खोटं बोलले मी. पाप झालं का?"

"नाही, काकू. मी तेच सांगणार होतो."

"कधी कळलं तुम्हाला?"

इथे मात्र साहेबांनी बगल दिली नाही. "त्यांनी विचारलं तेव्हाच."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग त्याच दिवशी म्हणायचं होतंत ना. माझं कुठे पटलं त्यांना? म्हणाले, साहेब आले असते तर मला उठवल्याशिवाय गेले नसते."