सोनामुखीचा काढा

डोक्याच्या गोळ्या चालू आहेत हे मी कधी कुणापासून लपवलं नाही. गल्लीत कुणी खोचकपणे विचारलंच तर म्हणायचे, “व्हय, खाते गोळ्या, म्हणून तर तुमच्याशी नीट बोलते!” त्या सुरू व्हायच्या आधी मी पोटच्या पोरीला वैरीण समजून खोलीबाहेर काढलं होतं. गोळ्यांनी ती मला परत दिली.

त्यांचा जाच एकच, पोट साफ व्हायचं नाही. मोठी बहीण, आक्का, लासूर स्टेशन गावाहून राहायला आली आणि तिनं शहागंजाच्या बाजारातून सोनामुखीचा पाला आणला. रोज झोपताना काढा. “झाडपाल्यानं काय होतंय?” म्हणायची. पोट असं मोकळं झालं की विचारू नका! उन्हाळाभर मी तो प्यायले.

मग छातीत फडफड सुरू झाली. मधेच ठोका चुकायचा, डोळ्यांपुढं अंधारी यायची, पायात गोळे यायचे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “लई विचार करतीस तू.” आक्का म्हणाली, “त्या गोळ्याच बंद करा, त्याच मुळावर आल्यात.” माझं टाळकंच सरकलं. गोळ्या सुटल्या तर पोरगी सुटली, एवढं मला पक्कं कळत होतं. मी ओरडले, “माझं वेड मला चांगलं ओळखू येतं. हे ते नाय. चला दवाखान्यात!”

डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. पोटॅशियम पार खाली गेलेलं. “गोळ्यांशिवाय आणखी काय घेता?” आक्कानं मोठ्या ऐटीत काढ्याची कृतीच सांगितली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. रोजच्या जुलाबानं पोटॅशियम वाहून गेलं होतं, आणि ते कमी पडलं की माझी ती डोक्याची गोळी ठोक्यांची लय बिघडवते, म्हणाले. भरती करून सलाईनमधून पोटॅशियम दिलं. काढा कायमचा बंद. गोळी मात्र, अधूनमधून ईसीजी काढत, चालूच राहिली.

आक्का रडायला लागली. “अगं, मायेनंच मारत होतीस की!” म्हटलं, तशी रडता रडता हसली.

दिवाळीनंतर एकदा जेवताना पुन्हा छातीत काहीतरी चमकलं. मी सांगितलं. ह्यांनी ताट सारलं, हात धुतला आणि स्कूटर काढली. तपासणीत निघाला गॅस. भजी नडली होती. मी पार ओशाळले.

परत येताना हे म्हणाले, “पुन्हा वाटलं तर पुन्हा सांग.”