अण्णांची दुपारची फेरी

अण्णा, माझे वडील, रोज दुपारी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीच्या फाटकाबाहेर जीप लावायचे आणि मागच्या दाराशी छत्री उघडून, पाठ करून उभे राहायचे. ऊन नसलं तरी छत्री उघडीच. आत माझी बायको शलाका आमच्या मुलीला पाजत असायची. वॉचमननं एकदा विचारलं, "काय अण्णा, कसला पहारा?"

"नातीची पंगत बसलीय. वाढणारी आत हाय, मी नुसता यजमान."

शलाका तिथल्या प्रयोगशाळेत अधिकारी. तिची रजा संपली आणि मुलगी बाटलीला तोंड लावेना, वाटी-चमचाही उडवून लावी. मी पुण्याहून महागडे पावडरचे डबे आणले. तेही चालेनात, तेव्हा शलाकाला म्हणालो, "सोड नोकरी. आपल्याला काय कमी आहे?" ती मुकाट्यानं राजीनामा लिहायला बसली. आजही ते आठवलं की माझी मान खाली जाते.

अण्णा पोलादपूरच्या शेतावरून आले ते थेट तिच्यापुढे उभे राहिले. "नोकरी कशाला सोडतेस गो? आईला घरी येता येत नाय, तर पोरीला आईकडं नेऊ. हाय काय नि नाय काय!"

"लोक हसतील, अण्णा," मी म्हणालो.

"हसू दे! भूक आपल्या पोरीला लागलीय, लोकांना नाय."

शलाकानं कागद टरकावला.

रोज माझी आई नातीला मांडीवर घेऊन जीपमध्ये बसायची. एकदा आईला ताप आला, म्हणून मी गेलो. नेमका त्याच दिवशी हायवेवर ट्रेलर आडवा झालेला! पोर किंचाळतेय, शलाकाची जेवणाची सुट्टी संपत चाललेली. अण्णांनी किल्ली माझ्याकडे फेकली, नातीला खांद्यावर टाकलं आणि ट्रकांच्या रांगेतून ओरडत सुटले, "पोरीची जेवायची येळ झालीय! वाट द्या!" ड्रायव्हर खाली उतरून वाट करून देऊ लागले. पलीकडून शिफ्टला निघालेला एक मोटारसायकलवाला म्हणाला, "बसा मागं, सावकाश नेतो."

मी जीपमध्येच अडकलो. काही वेळानं शलाकाचा फोन आला. ती धापा टाकत हसत होती. "अण्णा पोचले! पोर पितेय!" मी एकटाच टाळ्या वाजवू लागलो.

अण्णांना जाऊन आता वर्ष होईल. मला मुलीच्या उष्टावणाच्या दिवशीचे ते आठवतात. मामानं खीर भरवली, मुलीनं मिटक्या मारल्या, घरभर आरडाओरडा झाला. अण्णा मात्र ओटीवर जाऊन बसले. शलाका त्यांच्या मागोमाग गेली.

"काय झालं, अण्णा?"

"काय नाय गो. आता घरीच जेवील ती."

"खीर संध्याकाळी. दुपारी ती माझ्याकडेच जेवणार. उद्या उशीर करू नका."

अण्णा ताडकन उठले आणि जीपमध्ये डिझेल आहे का, ते बघायला निघाले.