स्कूटरची खांदशेकणी

किसनराव अमरावतीच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काटेवाले होते. कापसाच्या गाड्या काट्यावर घ्यायच्या आणि वजन सांगायचं, एवढंच त्यांचं काम. पण गाडी आली की त्यांचा डोळा कापसाआधी बैलांवर जायचा. "डाव्याचा खांदा सुजला, गड्या," "उजव्याले जंत झाले, कडूनिंब पाज," असं सांगितल्याशिवाय गाडीवानाच्या हाती चिठ्ठी पडत नसे. मागे गाड्यांची रांग लागे, मॅनेजर ओरडे, गाडीवान मात्र खूश. बैलातलं त्यांना कळत होतं, यात वाद नाही. वाद एवढाच, की जे बैलाला लागू ते साऱ्या दुनियेला लागू, असं ते धरून चालत.

मूर्तिजापूरच्या अलीकडचं पिंपळखुटी हे त्यांचं गाव. शेत चुलतभाऊ पुंजारामला बटाईनं दिलेलं, पण पोळ्याच्या रांगेतली तिसरी जागा किसनरावांच्या घराची, आजा-पणजापासूनची. तेवढ्या एका जागेसाठी त्यांनी म्हातारा ढवळ्या गावात पोसून ठेवला होता. नियम असा, की ज्या साली घरचं जनावर तोरणाखालून गेलं नाही, त्या सालापासून जागा मागच्याची. आणि मागे उभा असायचा पुंजाराम. चौसष्टच्या वैशाखात ढवळ्या वय होऊन गेला, तेव्हा पुंजाराम रडला खरा, पण एकाच डोळ्यानं.

"एखादा गोऱ्हा घ्या," माणिकबाई नवऱ्याला म्हणाल्या. किसनराव गोऱ्हा बघायला म्हणून घरून निघाले, वाटेत मॅनेजरकडे डोकावले. मॅनेजरची नागपूरला बदली झाली होती आणि त्याची जुनी राखाडी स्कूटर अंगणात विकायला उभी होती. किसनरावांनी तिच्या पाठीवर थाप मारली, मागून पाहिलं, पुढून पाहिलं, आणि दात बघायची सोय नाही म्हणून तेवढी हळहळ करून तिला घरी घेऊन आले.

"अवो, पोळ्याले काय उभं करसान?" माणिकबाईंनी विचारलं.

"हेच!" किसनराव बोलून गेले. बोललेलं मागं घ्यायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

"मंग तुमचं तुमी पाहा. ज्याच्या तोंडात घास देता येत नाई, त्याची पूजा मी करनार नाई. माह्यं ताट बैलाचं हाय, फटफटीचं नाई."

त्या दिवसापासून दर रविवारी राजापेठेतल्या त्यांच्या अंगणात पोतं अंथरलं जाई आणि स्कूटर त्यावर सुटी होऊन पडे. दोन पाने, एक पेचकस आणि रॉकेलची वाटी एवढ्यावर किसनराव वैद्यकी करत. प्लग काढून ते उन्हात धरत. काळाकुट्ट निघाला तर अपचन, विटकरी निघाला तर पोट साफ. गंमत म्हणजे हे अगदी बरोबर होतं. शेजारी राहणारा धर्मपाल बडनेऱ्याला रेल्वेत फिटर होता. त्यानंही तेच सांगितलं तेव्हा किसनरावांची छाती वीतभर फुगली. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट मोजायला ते लग्नपत्रिका वापरत. साध्या घरच्या पत्रिका पातळ पडत. जिनाच्या मालकाच्या पोरीची नेमकी बसली, म्हणून ती देव्हाऱ्यामागे जपून ठेवलेली. कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होते, केस घाला, असं धर्मपालनं बजावलं होतं. त्यासाठी किसनरावांकडे ढवळ्याच्या शेपटीचा झुपका होता. एकेक केस ओढून ते जेट साफ करत आणि झुपका पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवत.

पोळा आठ दिवसांवर आला आणि स्कूटर खोकायला लागली. धूर सोडी, चढावर मान टाकी. धर्मपाल येऊन बघून गेला. "किसनभाऊ, सायलेन्सरमंदी कार्बन साचला. खोला अन जाळून काढा. एका दुपारचं काम हाय."

"कार्बन बाहीरचा झाला, बापा. मूळ पोटात हाय. पोट फुगलं हिचं."

आता वऱ्हाडात बैलाचं पोट फुगलं तर काय करतात हे कुणीही सांगेल. बांबूचं नळकांडं तोंडात घालून जवसाचं तेल पाजतात. किसनरावांनी आपल्या हातानं शेकडो बैलांना पाजलं होतं. पेट्रोलमध्ये इंजिन ऑइल मिसळायचं असतं, ते त्यांनी बंद केलं आणि त्याजागी घाण्यावरचं ताजं जवसाचं तेल ओतलं. नळकांडंही तेच वापरलं, कारण पथ्य म्हणजे पथ्य.

धर्मपालनं कपाळावर हात मारला. "किसनभाऊ, पेंटर लोक रंगात जवसाचं तेल काहून टाकते, माहीत हाय का?"

"काहून?"

"ते वायते म्हनून. वाळून कातड्यावानी होते."

"रंगात वायत असंन. पोटात वायत नाई. तू रेल्वेचा मानूस, तुले जनावरातलं काय समजते?"

आणि पहिल्या किकला स्कूटर सुरू झाली! खोकला गेला, आवाज गोल झाला. फक्त धुराला जवसाच्या तेलात तळलेल्या भज्यांचा वास येऊ लागला. किसनराव राजापेठेतून जिनाकडे जात तेव्हा वाटेतल्या दारांतून माणसं बाहेर डोकावत. समोरच्या म्हातारीनं तर माणिकबाईंना बोलूनही दाखवलं, की रोज तळण करता, कधी वाटी पाठवत नाही. किसनरावांनी धर्मपालला तीन वेळा बोलावून तो आवाज ऐकवला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा तूप-हळदीनं शेकायचा आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. माणिकबाईंनी तूप-हळदीची वाटी दिली, हात दिला नाही. किसनराव पळसाचं पान घेऊन स्कूटरभोवती फिरले. हिचा खांदा कोणता? हँडल म्हणजे शिंगं, हे उघड होतं. तेव्हा शिंगांच्या खाली, जिथं मान अंगाला मिळते, तिथं त्यांनी गरम तूप चोळलं आणि हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"येतो म्हनली का?" माणिकबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

धर्मपालचं म्हणणं होतं, की निदान आज ते तेल काढून टाका, इंजिन फिरवून ठेवा. किसनराव चिडले. "खांदशेकनीच्या दिवशी जनावराले जुंपत नसते. पाप लागते." स्कूटर दिवसभर झूल पांघरून अंगणात उभी राहिली आणि आतलं जवस निवांतपणे आपलं काम करत राहिलं.

पोळ्याच्या दिवशी माणिकबाई पुरणपोळ्यांचा डबा आणि ताट घेऊन पहाटेच्या एसटीनं पुढं निघून गेल्या. स्कूटरनं पंधरा किका खाल्ल्या तेव्हा कुठं ती जागी झाली. वाटेत ऊन चढलं, इंजिन तापलं आणि ती बरी चालली. मुख्य रस्ता सोडून पिंपळखुटीची दीड मैल पांदण लागली, तशी काळ्या मातीनं चाकं धरली. दर पन्नास पावलांवर उतरून काडीनं चिखल उकरत किसनराव गावात पोचले ते चिखलानं कमरेपर्यंत भरलेले, पण ताठ. त्यांनी तुपाचा खांदा सोडून स्कूटर पुसली, हँडलला बाशिंग बांधलं, गळ्यात ढवळ्याची घुंगुरमाळ घातली आणि तिसऱ्या जागेवर नेऊन उभी केली. इंजिन बंद केलं. पाटलाचा बैल आल्याशिवाय पोळा सुटत नसे, आणि तो अजून यायचा होता.

झडत्या, म्हणजे पोळ्यातली चढाओढीची गाणी, म्हणणाऱ्यांना असा विषय कुठं रोज मिळतो! एकानं लगेच गळा काढला,

"चाऱ्यावाचून चालते, पेंडीवाचून पळते,
किसनरावचं वासरू पाहा, रस्त्यात भजे तळते!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

गाव लोटपोट हसलं. पुंजाराम हसला नाही. तो सरळ तोरणाशी उभ्या असलेल्या डोमाजींकडे गेला. डोमाजी गावातले सगळ्यांत म्हातारे. तोरणाच्या दोराचं एक टोक त्यांच्या हातात असे आणि पोळ्यापुरता त्यांचा शब्द अखेरचा.

"आजा, हे जनावर हाय का?"

डोमाजींनी स्कूटरकडे बराच वेळ पाहिलं. "धन्याले घेऊन अमरावतीहून आलं ना? मंग आपल्या पायानं तोरनाखालून गेलं त पावलं. ढकलून नाई चालनार."

पाटलाचा बैल यायला तास लागला. तेवढ्या वेळात स्कूटर थंड झाली. वाजंत्री सुरू झाली, पहिला बैल गेला, दुसरा गेला. किसनरावांनी ऐटीत किक मारली. किक हललीच नाही. भिंतीला लाथ मारावी तसा पाय परत आला.

त्यांनी स्कूटर आडवी कलवली, सरळ केली, पुन्हा पाय मारला. प्लग काढला तर त्यावर गुळाच्या चिक्कीसारखा थर. जेटमध्ये ढवळ्याचा केस घातला, केस तुटला. मागं बैल अस्वस्थ होऊ लागले. पुंजारामच्या बैलानं तर मान पुढं काढून स्कूटरच्या खांद्यावरचं हळदीचं तूप चाटून साफ केलं. धर्मपाल म्हणाला होता तसं जवस वाळलं होतं, पोटातसुद्धा.

"किसनभाऊ, सरका आता," पुंजाराम हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता, आणि तेच किसनरावांना जास्त लागलं. याच जागेवर त्यांचा बाप उभा राहायचा, डोक्याला लाल पटका बांधून. बायांच्या घोळक्यात माणिकबाई ताटावर फडकं झाकून उभ्या होत्या आणि त्यांच्याकडेच बघत होत्या. किसनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसं झालं याचं त्यांना काही नव्हतं. बापाची जागा आपल्या हातानं गेली, हे सहन होईना.

त्यांनी डिकी उघडली. आत ढवळ्याचा जुना कासरा होता. त्याचं एक टोक त्यांनी स्कूटरच्या मानेला बांधलं, दुसरं आपल्या उजव्या खांद्यावरून घेतलं, कमरेत वाकले आणि ओढायला लागले. चिखलात चाक रुतलं, पाय घसरला. दोर खांद्यात काचला. घुंगुरमाळ वाजली आणि स्कूटर इंचाइंचानं पुढं सरकली.

"आजा!" पुंजाराम ओरडला. "हे त ओढून नेऊन राहिले!"

"ओढते कोन?" डोमाजींनी विचारलं.

"किसनभाऊ."

"आपल्या पायानं चालते का?"

"व्हय, पन..."

"खांद्यावर वझं हाय?"

"हाय."

"मंग बैल कोनता अन गाडी कोनती, हे मले या वयात इचारतं का रे? जाऊ द्या त्याले. घरचंच जनावर हाय!"

गाव असं हसलं की बैल बुजले. किसनराव तोरणाखालून गेले. आंब्याचं एक पान त्यांच्या टोपीला घासून गेलं. पलीकडे माणिकबाई पुढं आल्या. त्यांनी फडकं काढलं, रीतीप्रमाणे किसनरावांच्या चिखलानं भरलेल्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि पुरणपोळीचा घास तोंडासमोर धरला.

"अवं, लोक पाहून राहिले," किसनराव पुटपुटले.

"पाहू द्या. घास देता आला पाह्यजे, एवढंच म्हनलं होतं मी."

किसनरावांनी तोंड उघडलं.

स्कूटर दुसऱ्या दिवशी पुंजारामच्या बैलगाडीत बसून अमरावतीला गेली. धर्मपालनं चार रविवार तिचं पोट खरवडलं आणि निघालेली एकेक खपली किसनरावांच्या हातावर ठेवली. किसनरावांना ते बोलण्यापेक्षा जड गेलं. पण ते नंतरचं. पोळ्याच्या दिवशी दिवेलागणीला ते पुंजारामच्या ओसरीवर सदरा काढून बसले होते. उजव्या खांद्यावर दोराचा लाल वळ उठला होता. माणिकबाई तूप-हळदीची वाटी गरम करून घेऊन आल्या आणि पळसाच्या पानानं हळूहळू शेकू लागल्या. किसनराव डोळे मिटून बसले.

"आज आवतन घ्या," माणिकबाई म्हणाल्या, "उद्या जेवाले या."

"पोळा त झाला ना वं आता."

"पुढच्या सालचं सांगून राहिली मी."