उरलेला छर्रा

रविवारी सकाळी आमच्या रेंजवर नवशिक्यांची बॅच असते. त्या दोन तासांत जेवढी करमणूक होते तेवढी उरलेल्या आठवड्यात होत नाही. रेंज म्हणजे मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीतला वरच्या मजल्यावरचा लांबट गाळा. खालच्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनतात, वर आम्ही दहा मीटरवरच्या कागदी कार्डांवर एअर पिस्तुलानं छर्रे मारतो. नवीन माणूस आला की आधी फोटो काढून घेतो. मग एक डोळा मिटतो, बहुधा चुकीचा. मग छाती काढून असा उभा राहतो, की समोर कार्ड नसून अख्खी टोळी आहे. छर्रा भिंतीला लागला तर पिस्तुलात दोष, आणि कार्डावर भोकं कमी भरली तर दोन छर्रे एकाच भोकातून गेले. हे कारण प्रत्येक जण स्वतः शोधून काढल्यासारखं सांगतो. मागे एक गृहस्थ लागलं का ते विचारायला पिस्तुलासकट आमच्याकडे वळले. आमची सगळी रांग खाली बसली, शिकवणारे सरसुद्धा. पिस्तूल रिकामं होतं, पण गुडघ्यांना ते कोण सांगणार.

मी पन्नाशीला आले तेव्हा हा नाद लागला, त्याला आता सहा वर्षं झाली. सहा वर्षांत क्लबच्या महिला संघात एकदाही घेतलं नव्हतं. एका रविवारी ती संधी आली. संघात तिघी जातात, दोघी ठरल्या होत्या. तिसऱ्या जागेसाठी मी आणि एक कॉलेजातली मुलगी. तिनं आदल्या दिवशी दहा छर्ऱ्यांत चौऱ्याऐंशी गुण मारून ठेवले होते. मला तेवढ्याच छर्ऱ्यांत पंच्याऐंशी हवे होते. पंच्याऐंशी मी मारू शकते, घरी विचारा, ऐकून ऐकून कंटाळलेत बिचारे.

सरांनी नेमकी माझ्या शेजारच्या लेनवर एक नवशिकी आणून उभी केली. चाळिशीची बाई, मानखुर्दहून आली होती, वॉर्डात नर्स. आल्या आल्या तिनं मला सांगून टाकलं, की दिवसाला एवढ्या सुया टोचते पण हात म्हणून हलत नाही. मग तिनं पिस्तूल उचललं आणि हात असा लटपटायला लागला, की मला तोंड फिरवून हसावं लागलं. धरलंही होतं सिरिंज धरल्यासारखं, अंगठा मागून दाबून. सरांनी तिला एका झाकणात पाच छर्रे मोजून दिले होते, ते तिनं पुन्हा स्वतः मोजून घेतले.

माझे सहा छर्रे झाले होते, झकास चाललं होतं. पण शेजारी कोणी चुकत असलं की मला राहवत नाही. मी पिस्तूल खाली ठेवलं, तिच्या लेनवर गेले, अंगठा सोडवला, पाय सरळ करून दिले, मनगट आवळायला लावलं. तिनं चार छर्रे मारले. चारही कार्डावर लागले, पण चार कोपऱ्यांत, लग्नपत्रिकेला हळदकुंकू लावतात तसे. पाचवा मारण्याआधी ती हात झटकत थांबली. मी हसत हसत माझ्या जागी आले आणि राहिलेले चार मारून टाकले.

कार्ड ओढून घेतलं तर नऊ भोकं. पुन्हा मोजली, नऊच. त्यांचे अठ्ठ्याहत्तर होत होते. सर आले, भिंग लावून पाहिलं आणि मधल्या भोकाकडे बोट दाखवून म्हणाले, की हे जरा रुंद दिसतंय, दोन गेले असतील यातून. त्यांना माझी सहा वर्षं ठाऊक होती. तसं धरलं असतं तर माझे अठ्ठ्याऐंशी होत होते.

तेवढ्यात शेजारचं कार्ड दोरीवरून सरकत आलं. चार कोपऱ्यांत चार आणि बरोबर मधोमध पाचवं. बघताक्षणी मला कळलं. तिच्या लेनवरून आल्यावर माझी नजर तिच्याच कार्डावर राहिली होती, एक छर्रा मी तिकडेच मारला होता. दुसऱ्याच्या कार्डावर मारलेल्याचं शून्य धरतात. सर वहीत लिहायला लागले होते. मी चष्मा पुसायला घेतला.

सरांनी तिचं कार्ड पाहून तिची पाठ थोपटली. ती मात्र हातातल्या झाकणाकडे बघत होती. वॉर्डातली सवय, उरलेलं मोजून परत करायची. झाकणात एक छर्रा होता.

"सर, मी चारच मारले. हा मधला माझा नाही," ती म्हणाली. मग तिचा चेहरा एकदम उजळला आणि ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमचा हरवलेला तो हाच असणार. बघा ना, बरोब्बर मधे लागलाय!"

तिला वाटलं, मला दहा गुण मिळवून दिले. सरांनी वहीतला आकडा खोडला.

नियम कळल्यावर ती रडवेली झाली. जिन्यापर्यंत माझ्यामागे आली आणि विचारलं, "ताई, मी गप्प बसायला हवं होतं का?"

मी नाही म्हटलं. अगं, बरं केलंस सांगितलंस, असंही म्हटलं. मला मनापासून लाज वाटत होती. ते भोक मी तिच्या आधी पाहिलं होतं, एवढंच सांगायचं राहिलं. ती आता दर रविवारी माझ्या शेजारच्या लेनवर असते. नवीन कोणी आलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगते, की या ताईंची जागा गेली, पण सरांसमोर एका शब्दानं वाद घातला नाही.